एका नाटकमंडळीचा जमाखर्च



कार्यकर्त्यांच्या बैठकीत करमणुकीचा विषय निघाला की दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे, लोकांचे पोटाचे प्रश्न सुटेपर्यंत नाटक-सिनेमा ही चैन आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री दोन घटका विरंगुळा हवा, त्याची चिकित्सा करीत बसू नये. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु करमणूक म्हणजे कामाच्या अगदी उलट बाजूची वस्तू, हे दोन्ही मते गृहीत धरतात. रंगमंचावर जे दिसते तेही कोणाचे तरी काम असते, त्याला वेळ लागतो, त्याची मजुरी द्यावी लागते, आणि ती मजुरी कोणी द्यावयाची हा राजकीय प्रश्न असतो, याचा दोन्ही पक्षांना विसर पडतो. या विस्मरणावर उतारा म्हणून एका दूरचित्रवाणी मालिकेकडे पाहता येण्यासारखे आहे. उतारा असूनही तो कडू नाही, उलट पोट धरून हसवणारा आहे, हे तिचे वैशिष्ट्य.

'स्लिंग्ज अँड ॲरोज' ही ती मालिका. हॅम्लेटच्या सर्वपरिचित स्वगतातून तिने आपले नाव घेतले आहे. कॅनडामध्ये २००३, २००५ आणि २००६ या वर्षी तिचे तीन हंगाम प्रसारित झाले. प्रत्येक हंगामाचे सहा, असे एकूण अठराच भाग. सुझन कॉयन, बॉब मार्टिन आणि मार्क मॅकिनी हे तिचे जनक असून दिग्दर्शन पीटर वेलिंग्टन यांचे आहे. पहिल्या हंगामात 'हॅम्लेट', दुसऱ्यात 'मॅक्बेथ' आणि तिसऱ्यात 'किंग लिअर' या नाटकांच्या तालमी चालतात; म्हणजे तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य असा माणसाच्या आयुष्याचा क्रमही आपोआप साधला जातो. न्यू बर्बेज नावाच्या काल्पनिक गावात दरवर्षी भरणारा शेक्सपिअरच्या नाटकांचा महोत्सव हे कथेचे स्थळ. शेक्सपिअरच्या मंडळीतील प्रमुख नट रिचर्ड बर्बेज याचे आडनाव गावाला दिले आहे. परंतु या काल्पनिक गावामागे ऑन्टॅरिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड हे खरेखुरे गाव उभे आहे, हे तेथील प्रेक्षकांना पहिल्याच भागात उमगते. त्या गावाकडे पुढे वळू.

कथेचा आरंभ असा आहे. जेफ्री टेनंट नावाचा दिग्दर्शक टोरांटोमधील एका मोडक्या जागेत नाटके बसवतो. त्याच्या संस्थेच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'बिनपैशाची रंगभूमी' असा आहे, आणि भाडे थकल्यामुळे ती नावाला जागते. सात वर्षांपूर्वी न्यू बर्बेजमध्ये हॅम्लेटची भूमिका करीत असता त्याचे मानसिक संतुलन ढळले होते आणि प्रयोग अर्ध्यावर सोडून तो निघून गेला होता. त्याचा गुरू ऑलिव्हर वेल्स मात्र तेथेच राहिला, यशस्वी झाला, आणि यशाबरोबर बोथटही झाला. एका रात्री दारूच्या अमलात रस्त्यावर आडव्या झालेल्या ऑलिव्हरला डुकराचे मांस वाहून नेणारी मालमोटार चिरडते. आपली कवटी महोत्सवाला द्यावी आणि 'हॅम्लेट'मधील स्मशानाच्या प्रवेशात तीच वापरावी, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलेली असते. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर जेफ्रीला बोलावले जाते, आणि पाठोपाठ ऑलिव्हरचे भूतही हजर होते. हॅम्लेटच्या बापाचे भूत सूड मागते. हे भूत दिग्दर्शनाच्या सूचना देते. ते फक्त जेफ्रीला दिसत असल्यामुळे, भर तालमीत रिकाम्या हवेशी भांडणारा दिग्दर्शक पाहून नटमंडळींनी काय समजावयाचे ते समजावे!

अशा प्रसंगांनी मालिका भरलेली आहे. डॅरेन निकल्स नावाचा एक नव्या वळणाचा दिग्दर्शक आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवताना प्रेमिकांनी एकमेकांना स्पर्श करू नये, एकमेकांकडे पाहूसुद्धा नये, असा त्याचा हुकूम असतो, आणि त्या हुकुमाच्या समर्थनार्थ त्याच्याजवळ भरपूर तत्त्वज्ञान असते. सिरिल आणि फ्रँक हे दोन वृद्ध नट आयुष्यभर लहानसहान भूमिका करून आता मद्यालयात पियानोभोवती गाणी म्हणत बसतात, आणि दुसऱ्यांच्या फजितीवर मार्मिक बोलतात. ज्याने गावातल्या हौशी नाटकातही एकदा काम केले आहे, त्याला ही सगळी माणसे ओळखीची वाटतील.

तथापि, मालिकेचा खरा आनंद या गमतींच्या पलीकडे आहे. काम होताना पाहण्याचा तो आनंद आहे. सुतार लाकूड तासत असता रस्त्याने जाणारे मूल जसे थबकते, तसा प्रेक्षक येथे तालमीपाशी थबकतो. पहिल्या हंगामात हॅम्लेटच्या भूमिकेसाठी जॅक क्रू या अमेरिकन चित्रपटनटाला आणलेले असते, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपतात. हा तरुण तालमीत शेक्सपिअरचे शब्द उच्चारीतच नाही. त्या अर्थाचे स्वतःचे, रोजच्या बोलण्यातले शब्द वापरतो. बाकीचे नट त्याला आळशी आणि गर्विष्ठ समजतात. वस्तुतः तो भ्यालेला असतो. ते शब्द आपल्या तोंडी शोभणार नाहीत, या भीतीपोटी तो त्यांच्याभोवती घिरट्या घालीत असतो. या भीतीवर दरडावणे किंवा पैसे वाढवणे हा उपाय नसतो. तिला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ जेफ्री देतो.

याच हंगामात आणखी एक छोटा प्रसंग आहे. महोत्सवाचे उत्पन्न वाढावे म्हणून खाजगी कंपन्यांतील नोकरदारांसाठी एक शिबिर भरवतात, आणि ते चालवण्याची शिक्षा जेफ्रीच्या वाट्याला येते. विक्रीकलेला नाट्यकलेचा काय उपयोग, हे शिकण्यासाठी आलेली ती मंडळी. जेफ्री त्यांना विक्रीचे काहीच शिकवीत नाही. कचेरीत काम करणाऱ्या एका बुजऱ्या गृहस्थाला तो 'मॅक्बेथ'मधील एक भाषण म्हणावयास लावतो. प्रथम तो अडखळतो. हळूहळू त्या शब्दांतले दुःख त्याच्या स्वतःच्या आवाजात उतरते, आणि सारी खोली स्तब्ध होते. शेक्सपिअर ही सुशिक्षितांची मिरासदारी नाही, हे सांगण्यासाठी मालिकेला भाषण करावे लागत नाही. त्या पाच मिनिटांत एका सामान्य नोकरदाराला ते सापडते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगीय कलांच्या आर्थिक पेचावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार कोणालाही समजेल इतका सोपा आहे. समजा, पादत्राणांच्या कारखान्यात एक कामगार पूर्वी दिवसाला दोन जोड तयार करीत असे आणि यंत्रांमुळे तो आता वीस करतो. त्याची मजुरी पाचपट झाली तरी प्रत्येक जोडामागे पडणारा मजुरीचा खर्च पूर्वीच्या निम्मा होतो. आता 'हॅम्लेट'कडे पाहा. ते काटछाट न करता करावयाचे तर शेक्सपिअरच्या काळाप्रमाणे आजही सुमारे चार तास लागतात. थडगे खणणारे दोघे असतात. त्यांच्या जागी एकाला उभे करून काम भागत नाही आणि स्वगत दुप्पट वेगाने म्हणून उत्पादकता वाढत नाही. परंतु नटालाही बाहेरच्या बाजारभावाने भाजी घ्यावी लागते, घरभाडे द्यावे लागते. त्याची मजुरी इतरांच्या बरोबरीने वाढवली तर प्रयोगाचा खर्च वाढतच जातो. न वाढवली तर नट उपाशी राहतो किंवा धंदा सोडतो. उत्पन्न आणि खर्च यांतली ही दरी कोणाच्या उधळेपणामुळे पडलेली नसते. तिचे मूळ त्या कामाच्या स्वरूपातच आहे.

हे दुखणे एकट्या नाटकाचे नाही. वर्गातील शिक्षक, रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका, अंगणवाडीत मुलांना सांभाळणारी सेविका, या सर्वांचे काम याच जातीचे आहे. तेथे माणसाने दिलेला वेळ हाच माल असतो. वेळ कापला की माल निकृष्ट होतो. म्हणूनच बाजाराच्या तराजूत ही कामे नेहमी 'तोट्याची' ठरतात आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडते. नाटकमंडळीच्या जमाखर्चाकडे जो लक्षपूर्वक पाहील, त्याला शाळेच्या आणि रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाचीही किल्ली सापडेल.

मालिकेत ही दरी भरून काढण्याची जबाबदारी रिचर्ड स्मिथ-जोन्स या व्यवस्थापकावर आहे. मार्क मॅकिनी यांनीच ही भूमिका केली आहे. रिचर्ड खलपुरुष नाही, आणि मालिकेच्या प्रामाणिकपणाची ही मोठी खूण आहे. तो घाबरट, एकाकी, कौतुकाचा भुकेला माणूस आहे. त्याला शेक्सपिअर कळत नाही, पण संगीतिका मनापासून आवडतात. पगार वेळेवर झाले पाहिजेत, ही त्याची चिंता खरी आहे. या चिंतेच्या वाटेनेच प्रायोजक कंपनीची अमेरिकन अधिकारी होली डे त्याच्या आयुष्यात शिरते. शेक्सपिअरचे नाव पाटीवर ठेवून सबंध गावाचे रूपांतर पर्यटकांच्या करमणूकनगरीत करावे, अशी तिची योजना असते. दुसऱ्या हंगामात प्रायोजकांची जागा जाहिरातवाले घेतात. 'फ्रॉगहॅमर' नावाची संस्था महोत्सवाला तरुण करण्याचे कंत्राट घेते, जुन्या वर्गणीदारांचा अपमान करणाऱ्या जाहिराती गावभर लावते, आणि तिचा प्रमुख संजय हा अखेर भामटा निघतो. गमतीचा भाग असा की त्या जाहिरातींमुळे तरुण प्रेक्षक खरोखरच येतात. मालिका आपल्याच बाजूचा युक्तिवाद सोपा करून देत नाही, हे येथे दिसते.

याच दुसऱ्या हंगामात श्रमाची एक हृद्य कहाणी आहे. मॅक्बेथची भूमिका करणारा हेन्री ब्रीडलव्ह हा नामांकित नट दिग्दर्शकाला जुमानीत नाही. जेफ्री त्याला काढून टाकतो आणि जेरी या पर्यायी नटाला रंगमंचावर उभे राहावे लागते. पर्यायी नट म्हणजे दुसऱ्याची भूमिका पाठ करून पडद्याआड वाट पाहणारा माणूस; बहुतेकांना ती वेळ आयुष्यात येत नाही. जेरी ना उंचापुरा, ना भारदस्त. परंतु त्या रात्री सारी मंडळी त्याला सांभाळून घेते. कोणी त्याला योग्य जागेकडे वळवतो, कोणी धीर देतो, आणि प्रयोग तडीस जातो. एका नावाजलेल्या नटावाचून नाटक होऊ शकते. एकमेकांच्या आधारावाचून होऊ शकत नाही. कामगार संघटनेत ज्याने दिवस काढले आहेत, त्याला या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मंडळीतील प्रमुख अभिनेत्री एलन फॅनशॉ हिच्यामागे त्याच सुमारास प्राप्तिकराची तपासणी लागते. कोणती खरेदी धंद्यासाठी आणि कोणती स्वतःसाठी, असे अधिकारी विचारतो. जिचा देह, कपडे, चेहरा हेच कामाचे साधन, तिने या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? मालिकेत हा विनोद आहे. पण ज्या ज्या माणसाचे काम आणि जगणे यांच्यात भिंत नसते, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

आता त्या खऱ्या गावाकडे वळू. स्ट्रॅटफर्ड हे मुळात फर्निचरच्या कारखान्यांचे आणि रेल्वे इंजिने दुरुस्त करणाऱ्या कर्मशाळांचे गाव. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, तेथील फर्निचर कामगारांनी संप पुकारला. कोंबड्यांची पिसे काढण्याचे काम करणारे कामगारही त्यात उतरले. सरकारने मशिनगन आणि छोटी चिलखती वाहने देऊन सैन्य पाठवले. कॅनडात संपाविरुद्ध सैन्य उतरवल्याच्या अखेरच्या प्रसंगांत याची गणना होते. पुढे वाफेच्या इंजिनांचे युग सरू लागले आणि त्यांच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या गावापुढे अंधार दिसू लागला.

अशा वेळी टॉम पॅटरसन या तेथल्याच पत्रकाराने, गावाचे नाव शेक्सपिअरच्या गावाचेच आहे तर येथे त्याची नाटके का करू नयेत, असा विचार मांडला. नगरपालिकेने त्याला चौकशीसाठी न्यूयॉर्कला जाण्याकरिता १२५ डॉलर मंजूर केले. ब्रिटिश दिग्दर्शक टायरोन गथ्री आले, टान्या मोइसेविच यांनी तीन बाजूंनी प्रेक्षक बसतील असा रंगमंच आखला, आणि १३ जुलै १९५३ रोजी एका प्रचंड तंबूत 'रिचर्ड तिसरा' या नाटकाने महोत्सवाचे उद्घाटन झाले. प्रमुख भूमिकेत ॲलेक गिनेस होते. कायमचे नाट्यगृह उभे राहिले ते १९५७ मध्ये, आणि त्याचा आकारही तंबूची आठवण ठेवणारा आहे.

याच १९५७ साली कॅनडाच्या संसदेने कलांना साहाय्य करण्यासाठी 'कॅनडा कौन्सिल' स्थापन केले. त्याला लागणारा पैसा कोठून आला, हे समाजवाद्याने मुद्दाम लक्षात ठेवावे. आयझॅक वॉल्टन किलम आणि सर जेम्स डन हे दोन धनाढ्य उद्योगपती एकापाठोपाठ वारले, आणि त्यांच्या मिळकतींवरील मृत्युकरातून सरकारी तिजोरीत सुमारे दहा कोटी डॉलर जमा झाले. त्यांपैकी निम्मी रक्कम कौन्सिलचा कायम निधी म्हणून ठेवण्यात आली आणि निम्मी विद्यापीठांच्या इमारतींसाठी देण्यात आली. दोघा धनिकांनी औदार्याने दिलेली ही देणगी नव्हती. कायद्याने वसूल केलेला तो समाजाचा वाटा होता. देणगीदाराचे नाव फलकावर कोरावे लागते आणि त्याची मर्जी राखावी लागते. कराच्या पैशाला असली आवड-निवड नसते. पुढे कॅनडाने संघराज्याच्या पातळीवरील हा कर १९७२ च्या आरंभी बंद केला, आणि भारतानेही आपला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द केला. ज्या झाडाची फळे खाल्ली, तेच झाड दोन्ही देशांनी तोडले. त्यानंतर प्रायोजकांच्या दारात रांग लागली तर नवल ते काय?

मालिकेने जे कल्पिले त्याला वास्तवाचा असा आधार आहे; तिच्या नटांनाही तो होता. जेफ्री झालेले पॉल ग्रॉस यांनी २००० मध्ये स्ट्रॅटफर्डलाच हॅम्लेट साकारला होता, आणि ऑलिव्हर झालेले स्टीव्हन विमेट यांनी तोच हॅम्लेट १९९४ मध्ये केला होता. तिसऱ्या हंगामात चार्ल्स किंगमन हा वृद्ध नट झालेले विल्यम हट हे तर स्ट्रॅटफर्डच्या रंगभूमीचे आधारस्तंभ. लिअरची भूमिका त्यांनी आयुष्यात अनेकदा केली होती. मालिकेतील लिअर हा त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरा हंगाम हा मालिकेचा कळस होय. चार्ल्स कर्करोगाने मरणपंथाला लागलेला आहे. मरण्यापूर्वी एकदा लिअर करावा, एवढीच त्याची इच्छा आहे. वेदना शमवण्यासाठी तो चोरून हेरॉइन घेतो, तालमीत शब्द विसरतो, कॉर्डेलिया करणाऱ्या तरुण नटीवर चिडतो. जेफ्रीला सत्य कळते, पण तो ते मंडळीपासून लपवतो. येथे जो नैतिक प्रश्न उभा राहतो तो अवघड आहे. एका माणसाच्या अंतिम इच्छेसाठी बाकीच्यांचा हंगाम, त्यांची कमाई, त्यांचा संयम पणाला लावण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला? दुसरीकडे, माणूस कामाला उपयोगी राहिला नाही की त्याला बाजूला सारावे, हा तर गिरणीमालकाचाच न्याय झाला. मालिका या दोहोंपैकी कोणतीही बाजू स्वस्तात जिंकू देत नाही. दरम्यान त्याच आवारात चाललेली 'ईस्ट हेस्टिंग्ज' ही संगीतिका तुफान चालते. व्हँकूव्हरच्या गरीब वस्तीतील व्यसनाधीनांचे जीवन हा तिचा विषय. तिला मोठे नाट्यगृह मिळते, लिअरची रवानगी छोट्या जागेत होते, आणि अखेर त्याचे प्रयोग रद्दच होतात. पडद्यावर गाणाऱ्या व्यसनाधीन नायिकेला टाळ्या पडत असता शेजारच्या खोलीत एक खरा माणूस मरणवेदना विसरण्यासाठी तेच विष टोचून घेत असतो. दारिद्र्याचे गाणे झाले की तिकिटे खपतात, हा उपरोध याहून नेमका कोणी दाखवला असेल असे वाटत नाही.

मग मंडळी एका चर्चमध्ये जमतात. व्यवस्थापनाचा आधार नाही, मोठे नेपथ्य नाही, दिव्यांचा थाट नाही. लिअरचा एकच प्रयोग होतो, आणि त्यानंतर थोड्याच वेळात चार्ल्स मरण पावतो. ज्या नाटकासाठी अठरा भाग झटापट चालली, ते अखेर आपल्या मूळ रूपात उभे राहते: काही माणसे बोलत आहेत आणि काही माणसे ऐकत आहेत.

मराठी माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' म्हणून आणले ते १८८३ मध्ये, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो नायक ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांच्याही काळजापर्यंत पोहोचवला. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले, त्यातील वृद्ध नटाच्या पाठीशीही लिअरच उभा आहे. आणि मराठी नाटकमंडळ्यांचा जमाखर्च? बालगंधर्वांसारख्या नटाची कंपनीही कर्जाच्या ओझ्याखाली पिचली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. उधळपट्टीच्या कथा चवीने सांगितल्या जातात. नाटकाच्या धंद्यातली ती मूळची दरी मात्र क्वचितच कोणी सांगतो.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. तिचा जीव प्रतिभावंत दिग्दर्शकावर जडलेला आहे. सुतार, शिंपी, प्रकाशयोजनेचे कामगार येतात, पण बहुधा पार्श्वभूमीला. नाहूम नावाचा एक रखवालदार मात्र लक्षात राहतो. तो नायजेरियातून आलेला आहे आणि मायदेशी स्वतः नाट्यदिग्दर्शक होता. येथे तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरतो आणि अधूनमधून जेफ्रीला दोन शहाणपणाचे शब्द सुनावतो. स्थलांतरिताचे कौशल्य दारावरच काढून घेऊन त्याच्या हाती झाडू किंवा किल्ल्या देण्याची जगाची रीत यातून दिसते. परंतु मालिकाही त्याला शहाणपणाच्या चार वाक्यांपलीकडे फारसे काही देत नाही. त्याने बसवलेले नाटक पाहावयास मिळाले असते तर बरे झाले असते.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. महागडी तिकिटे काढून येणाऱ्या सुखवस्तू प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी कष्टकऱ्यांच्या कराचा पैसा का खर्चावा? हा आक्षेप टाळता येणार नाही. न्यू बर्बेजच्या प्रेक्षागृहात पांढऱ्या केसांचे, चांगल्या स्थितीतले लोकच अधिक दिसतात. पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता निघतो, ते पाहिले पाहिजे. तिकीट स्वस्त करा, प्रयोग वस्त्यांत आणि शाळांत न्या, मंडळीच्या कारभारात तिच्या कामगारांना स्थान द्या, हा एक निष्कर्ष. साहाय्य बंद करा आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने पोसावे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने गेल्यास गरिबाचे पैसे फारसे वाचत नाहीत. पण तो चर्चमधला लिअर त्याला कधीही पाहावयास मिळणार नाही, याची मात्र निश्चिती होते.

२०२० मध्ये महासाथीमुळे स्ट्रॅटफर्डचा सबंध हंगाम रद्द झाला. त्या वर्षी हे कळून आले की शेक्सपिअरवर गावातली खाणावळ, वसतिगृह आणि हंगामी कामगारांची चूलही अवलंबून असते. २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले ते उघड्यावर, छताखाली. १९५३ च्या तंबूकडेच जणू मंडळी परतली. २०२२ मध्ये टॉम पॅटरसनच्या नावाचे नवे नाट्यगृह उघडले, आणि त्यात 'रिचर्ड तिसरा' साकारला तो कोम फिओर यांनी. मालिकेतला तो भामटा जाहिरातवाला संजय हेच झाले होते!

ही मालिका कार्यकर्त्यांनी पाहावी, शक्य तर गटाने बसून पाहावी, आणि मनमुराद हसावे. हसून झाल्यावर आपापल्या गावापुरते तीन प्रश्न विचारावेत. नगरपालिकेच्या नाट्यगृहाचे भाडे हौशी मंडळीला परवडते काय? तालमीला जागा मिळते काय? आणि पडदा ओढणाऱ्या, दिवे लावणाऱ्या माणसाच्या हातावर रात्री प्रयोग संपल्यावर किती पैसे पडतात? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणणारा कार्यकर्ता पुढच्या बैठकीत करमणुकीला चैन म्हणणार नाही, आणि नुसता विरंगुळाही म्हणणार नाही.